आत्याबाईंच्या पापाचं वजन

काट्यावर पहिल्यांदा चढले तेव्हा लोखंडवाले शेठ चौऱ्याण्णव किलोंचे होते. उतरून पुन्हा चढले तेव्हा एक्क्याण्णव किलोंचे भरले. मधल्या वेळात त्यांनी दोनच गोष्टी केल्या होत्या. एक जाडजूड पाकीट महाराजांच्या पेटीत टाकलं होतं, आणि डोळे घट्ट मिटून अकरा वेळा 'उतर उतर, भार उतर' असं म्हटलं होतं.

"तीन किलो!" काट्यामागे उभा असलेला शिष्य ओरडला.

"तीन किलो!" कापडाच्या रिकाम्या गोदामात जमलेली तीन-चारशे माणसं ओरडली. मागे उभ्या असलेल्यांना काटा मुळीच दिसत नव्हता, त्यामुळे ते सगळ्यांत मोठ्यानं ओरडले.

गर्दीत एकट्या मोठ्या सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांची नजर पेटीत गडप झालेल्या पाकिटावर होती. ते पाकीट त्यांच्या ओळखीचं होतं. महिनाभरापूर्वी शेठनी हेच पाकीट त्यांच्यासमोर कपाटात ठेवून म्हटलं होतं, "सिस्टर, काचेच्या पेटीला जे कमी पडेल ते माझं. हे बाजूला काढून ठेवलं बघा."

"शेठ," सिस्टरांनी त्यांना गोदामाच्या दारात गाठलं, "ते पाकीट तर आपल्या दवाखान्याचं होतं."

"होतं ना," शेठ प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले. "पण सिस्टर, माझं ऐका. दवाखान्याला मी वीस वर्षं देतोय. दर वेळी तुम्ही एक पावती देता. पावतीनं मला कधी हलकं वाटलं नाही. आज बघा, नुसता तरंगतोय." आणि ते तरंगत तरंगत पायरीवरून खाली गेले. पायरी नेहमीसारखीच करकरली.

मोठ्या सिस्टर लोकांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं नोकरीला होत्या. त्याला लोकांचा दवाखाना म्हणत, कारण तो खरोखरच लोकांनी चालवला होता. खाटा एकानं दिलेल्या, पंखे दुसऱ्यानं. इस्त्रीवाला आठवड्यातून एक दिवस चादरी फुकट धुऊन देई. चौकातले शिंपीकाका उरलेल्या कापडांतून रुग्णांचे कपडे शिवत. त्यामुळे वॉर्डात एकसारखे कपडे घातलेली दोन माणसं कधी दिसली नाहीत. पाय मोडलेले एक न्यायाधीश तिथे आठवडाभर गुलाबी फुलांच्या सदऱ्यात पडून होते, आणि तशाच अवस्थेत त्यांनी दोन निकालही लिहिले होते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी तेवढी बंद पडली होती. जुनीतली तापवणारी तार जळाली आणि तसला भाग आता कुठे मिळत नव्हता. नव्या पेटीसाठी गावानं वर्षभर थोडं थोडं जमवलं होतं. शेठचं पाकीट आलं की काम भागणार होतं. ते आलं नाही, तर अशा बाळाला तीन तासांवरच्या मोठ्या शहरात न्यायचं, आणि बाळाचं शरीर तीन तास थांबायला तयार असतं असं नाही.

सिस्टरांच्या सुनेला सातवा महिना चालू होता. पोटात जुळं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "जुळी फार वेळ वाट बघत नाहीत."

त्यामुळे गोदामातून परत येताना सिस्टरांच्या मनात पाप, पुण्य वगैरे काही नव्हतं. त्यांना एक रिकामं कपाट दिसत होतं.

*

तोलमहाराज गावात आले आणि पंधरा दिवसांत दवाखाना ओस पडला. रुग्ण तेवढेच होते, देणारे आटले होते. इस्त्रीवाला म्हणाला, "सिस्टर, या आठवड्याच्या चादरींचे पैसे पडतील. मी महाराजांची गादी धुतोय ना फुकट. दीड किलो उतरलो." पंखेवाल्यांनी नवे चार पंखे गोदामात लावले.

महाराजांचं म्हणणं सोपं होतं, आणि ते दिवसातून तीनदा सांगत.

"चरबी उतरवायला डॉक्टर आहेत, मी पाप उतरवतो! पापाला रंग नाही, वास नाही, पण वजन आहे! पाप कुठे साठतं? गुडघ्यांत! म्हणून तर वय झालं की गुडघे दुखतात. लहान मुलांचे दुखतात का? नाही! का? पाप नाही! खोटं बोललात, पाव किलो. शेजाऱ्याचा हेवा केलात, अर्धा किलो. सासूला उलट बोललात..."

इथे महाराज थांबत आणि गर्दीतल्या सगळ्या सुना जमिनीकडे बघत.

"...ते काट्यावरच बघू! द्या आणि हलके व्हा! पण हात आखडता घेतलात तर तेच पाप व्याजासकट परत चढेल. म्हणून दर आठवड्याला या!"

गावात या सगळ्यावर उघड शंका घेणारा एकच माणूस होता, तो म्हणजे शिंपीकाका. तेही तत्त्वज्ञान म्हणून नव्हे, धंद्याची अडचण म्हणून.

"अहो सिस्टर, हे काय चाललंय?" ते टेप गळ्यात तसाच ठेवून दवाखान्यात आले. "रोज दहा माणसं येतात, म्हणतात पँट आत घ्या, तीन किलो उतरलो. मी मापतो. कंबर तेवढीच. शेठ आधी बेचाळीस, आताही बेचाळीस. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, तुमच्या टेपची श्रद्धा कमी पडते."

"मग?"

"मग काय, घेतली आत. आता ते श्वास सोडत नाहीत."

*

दवाखान्याचे अध्यक्षही एके दिवशी हलके व्हायला गेले. अध्यक्ष हे गावातलं सर्वांत वजनदार व्यक्तिमत्त्व होतं. ते काट्यावर चढले, आतून 'टण्ण' असा आवाज झाला आणि तबकडीतली सुई गोल फिरून कायमची झोपली. महाराजांनी क्षणभर सुईकडे बघितलं, मग अध्यक्षांकडे, आणि न डगमगता म्हणाले, "एवढं पाप या काट्यानं आजवर पाहिलं नव्हतं!"

दुसऱ्या माणसाला हे झोंबलं असतं. अध्यक्ष सुखावले. कुठल्याही बाबतीत गावात पहिला क्रमांक आला की ते सुखावत. त्याच सुखात त्यांना एक कल्पना सुचली, आणि दुपारी त्यांनी दवाखान्यात बैठक बोलावली.

"महाराजांचा काटा मोडला. आपल्याकडे काटा आहे. महाराजांना आपल्या व्हरांड्यात बसवू. जे जमेल त्यातलं अर्धं महाराजांचं, अर्धं दवाखान्याचं. महिन्याभरात काचेची पेटी! बोला डॉक्टर."

डॉक्टर तरुण होते, प्रामाणिक होते आणि थकलेले होते. "अध्यक्षसाहेब, हे सगळं खोटं आहे हो."

"खोटं आहे हे मला कळत नाही का? पण पेटी खरी येणार ना?"

डॉक्टरांनी मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. एरवी अशा वेळी सिस्टरांनी अध्यक्षांचा चहा अर्धवट सोडायला लावला असता. पण सिस्टरांच्या डोळ्यांसमोर सुनेचं पोट होतं, तीन तासांचा रस्ता होता. त्या गप्प बसल्या. पुढे बरीच वर्षं त्या बैठकीची आठवण निघाली की त्या खोलीतून उठून जात.

दवाखान्याचा उभा काटा व्हरांड्यात गेला. शिष्यानं त्याच्या पाठीवर भगवी शाल पांघरली आणि तो नेहमीसारखा मागे उभा राहिला, एक हात छातीवर, दुसरा शालीखाली. पहिल्याच दुपारी अध्यक्षांच्या सौभाग्यवती चार किलोंनी हलक्या झाल्या. संध्याकाळी काटा आत परत आला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सून तपासणीला आली. धाकट्या सिस्टरनं तिचं वजन घेतलं, वहीतला मागचा आकडा पाहिला, पुन्हा वजन घेतलं आणि डॉक्टरांकडे धावली.

"डॉक्टर, आठवड्यात तीन किलो कमी!"

जुळं पोटात असताना वजन तीन किलोंनी उतरणं ही साधी गोष्ट नव्हती. डॉक्टरांनी सुनेचे हात तपासले, डोळे तपासले, रक्त काढायला सांगितलं आणि रुग्णवाहिका तयार ठेवायला सांगितली. सून काट्याशेजारच्या बाकावर बसून रडायला लागली.

"आई, मी सगळं नीट खातेय हो," ती मोठ्या सिस्टरांना म्हणाली. "दोघंही लाथा मारतायत. मग कमी कशी होतेय मी? कालच्या त्या महाराजांना काही दिलं नाही म्हणून तर नाही ना?"

"वेडी की काय? न दिल्यावर चढायला हवं, असं ते म्हणतात," सिस्टर म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या.

त्यांनी काट्याकडे पाहिलं. काट्यावर कुणीच नव्हतं. सुई मात्र शून्याच्या अलीकडे, साडेतीन घरं मागे उभी होती.

"धाकटे," त्या शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणे बोलल्या की वॉर्डातले रुग्णसुद्धा उठून बसत. "सकाळी रिकामा काटा बघितला होतास?"

बत्तीस वर्षं त्या दवाखान्यात एकच रीत होती. रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी रिकामा काटा बघायचा, सुई शून्यावर नसेल तर तबकडीच्या मागचं बाटलीच्या झाकणाएवढं चाक फिरवून ती शून्यावर आणायची. मग वजनं. लहान मुलांच्या औषधाचे थेंब वजनावर ठरतात.

धाकटी सिस्टर रडवेली झाली. "रोज बघते हो. पण आज... महाराजांचा हात लागलेला काटा, मी कोण त्याला तपासणारी?"

सिस्टर काट्याच्या मागे गेल्या, वाकल्या आणि चाकावर बोट ठेवलं. तो शिष्य काल दुपारभर नेमका इथेच, असाच हात घालून उभा होता. आधी चाक पुढे, म्हणजे माणूस जड. माणूस डोळे मिटून 'उतर उतर' म्हणत असताना चाक मागे, म्हणजे माणूस हलका. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींना खूश करायच्या भरात त्यानं ते शून्याच्याही पलीकडे नेलं होतं आणि परत आणायला विसरला होता.

त्यांनी सुई शून्यावर आणली. "चढ गं."

सून चढली. मागच्या आठवड्यापेक्षा अर्धा किलो जास्त.

सून हसली, डॉक्टर भिंतीला टेकले, आणि मोठ्या सिस्टर तावातावानं दवाखान्याच्या मागच्या कोठीत गेल्या. तिथे ऑक्सिजनची रिकामी नळकांडी रांगेनं उभी होती.

"मामा," त्यांनी वॉर्डात वरकाम करणाऱ्या दोन्ही मामांना हाक मारली, "यातलं एक पुसून घ्या. आणि कुणाची तरी शाल आणा. चष्मापण लागेल."

*

दुपारी व्हरांडा माणसांनी फुलला होता. पुढच्या रांगेत अध्यक्ष, त्यांच्या शेजारी श्वास रोखून शेठ. मोठ्या सिस्टर आल्या, त्यांच्यामागे दोन्ही मामा एक ढकलगाडी घेऊन आले. गाडीवर डोक्यापासून पायापर्यंत शालीत गुंडाळलेली एक ठेंगणी, ताठ आकृती उभी होती. चेहऱ्याच्या जागी पदर ओढलेला, पदरावर जाड चष्मा.

"महाराज, या माझ्या आत्याबाई," सिस्टर म्हणाल्या.

"बसा आत्याबाई," महाराज म्हणाले.

"त्यांना बसता येत नाही. कणा वाकत नाही."

"अरेरे! पापानं ताठरतो कणा. बोलतात का?"

"कधीच नाही. आयुष्यभर लोकांच्या उशाशी उभ्या राहिल्या, पण एक शब्द नाही."

"मौनी! मौनात पाप जास्त साठतं, बाहेर पडायला वाटच नसते," महाराजांनी गर्दीला समजावलं. गर्दीनं मान हलवली. "चढवा त्यांना!"

मामांनी आत्याबाईंना अलगद काट्यावर ठेवलं आणि हात सोडून बाजूला झाले. सुई त्रेसष्टवर जाऊन थांबली.

"त्रेसष्ट!" शिष्य ओरडला.

महाराजांनी डोळे मिटले. "मला दिसतंय. तरुणपणी यांनी एका नातलगाचं घर मोडलं. नंतर पश्चात्ताप झाला, पण बोलल्या नाहीत. यांच्या वतीनं दान कोण करणार?"

"मी," म्हणत सिस्टरांनी पेटीत पाकीट टाकलं. त्यात आजच्या वर्तमानपत्राची घडी होती. मामांनी आत्याबाईंना खाली उतरवलं. सगळ्यांनी डोळे मिटून 'उतर उतर, भार उतर' म्हटलं. सगळ्यांनी, म्हणजे शिंपीकाका सोडून. ते टेप हातात घेऊन शालीखालच्या हाताकडे टक लावून बघत होते.

आत्याबाई पुन्हा चढल्या.

"सत्तावन्न! सहा किलो!" शिष्याचा आवाज फाटला. गर्दीनं टाळ्यांचा कडकडाट केला. मागच्यांनी अर्थातच जास्त.

"आत्याबाई, आता कसं वाटतंय?" महाराज गहिवरून म्हणाले.

"त्यांच्या वतीनं मी सांगते," म्हणत सिस्टरांनी चष्मा काढला आणि शाल ओढली.

व्हरांड्यात अशी शांतता पसरली की शेठच्या पँटचं बटण तुटल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. काट्यावर ऑक्सिजनचं नळकांडं उभं होतं, स्वच्छ पुसलेलं.

"शेठ, तुमचा लोखंडाचा धंदा. इकडे या," सिस्टर म्हणाल्या. "यांच्या गळ्यावर काय कोरलंय ते वाचा. कारखान्यातून निघताना प्रत्येक नळकांड्यावर त्याचं रिकामं वजन ठोकतात."

शेठ पँट धरून आले आणि वाकले. "अठ्ठावन्न."

"आधी त्रेसष्ट, आता सत्तावन्न. म्हणजे दान केल्यावर यांचं लोखंडसुद्धा एक किलो झिजलं."

महाराज हुशार होते. त्यांना फक्त दोन क्षण लागले. "अज्ञानी लोकहो! लोखंडालाही कर्म असतं!"

"म्हणजे माझं अख्खं दुकान पापी?" शेठ कळवळून ओरडले. "तीस टन माल आहे माझ्याकडे!"

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही, पण मग हसू थांबेना. तेवढ्यात शिंपीकाका पुढे झाले आणि काट्यावरची भगवी शाल त्यांनी सराईत हातानं एका झटक्यात काढली. शिष्याचं बोट अजून चाकावरच होतं.

"आत्याबाईंना उतरवा," सिस्टर म्हणाल्या. "आता काट्यावर काही नाही. काका, फिरवा चाक."

काकांनी फिरवलं. रिकाम्या काट्याची सुई चार किलोंवर गेली.

"हवेनं काय पाप केलं असेल?" सिस्टरांनी विचारलं. "महाराज, हिनंही कुणाचं घर मोडलं का?"

काकांनी चाक मागे फिरवलं. सुई शून्याच्या मागे गेली. मग गर्दीतून एकेक जण पुढे यायला लागला. इस्त्रीवाल्यानं चाक फिरवून स्वतःला बारा किलोंनी पापी केलं, मग पुण्यवान केलं. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी स्वतः चाक फिरवून पाहिलं आणि नवऱ्याकडे अशा नजरेनं बघितलं की अध्यक्षांचं वजन तेवढ्यापुरतं खरोखर कमी झालं असावं.

महाराज शांतपणे पेटी काखेत मारून पायरीकडे निघाले होते. दोन्ही मामा पायरीवरच बसले होते. "महाराज, पेटी जड असेल," थोरले मामा आदरानं म्हणाले. "तुम्ही हलके होऊनच जा." महाराजांनी मामांच्या दंडांकडे पाहिलं आणि पेटी खाली ठेवली. ते आणि शिष्य फाटकातून बाहेर पडले ते चालत. वळणापासून पुढे पळत, असं पाहणारे सांगतात.

पेटी उघडून ज्याचं त्याला परत देणं सुरू झालं, तेव्हा सिस्टर बाकावर उभ्या राहिल्या.

"थांबा जरा. मला एक कबूल करायचंय. हे ढोंग आहे हे मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. तरी बैठकीत मी गप्प बसले, कारण माझ्या घरात जुळं यायचंय आणि मला पेटी हवी होती. आज सकाळी त्याच काट्यानं माझ्या सुनेला तीन किलोंनी हलकं दाखवलं. थोडक्यात निभावलं. उद्या एखाद्या लहान मुलाला त्या काट्यावर जोखून औषध दिलं असतं, तर? ज्या खोट्यातून पैसे येतात ना, ते खोटं पैसे आणून बाहेर थांबत नाही. ते आत येतं, वॉर्डात फिरतं."

त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं.

"चमत्कार बघायला तुम्ही रांगा लावल्यात. त्या काट्याच्या मागे जाऊन बघायला एकालाही सुचलं नाही. चार पावलं होती. देवाला काय मानायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कुणी तुमच्याकडून काही घेत असेल, तर त्याच्या मागे जाऊन बघा. माझ्याही. आमच्या दवाखान्यात या, कपाटं उघडा, तुमच्या खाटेवर कोण झोपलंय ते बघा, विचारा. दवाखान्याला दिल्यानं तुमचं एक ग्रॅमही कमी होणार नाही. तसं वचन देणारा कुणी भेटला, तर तो तुम्हाला फसवतोय."

त्या बाकावरून उतरल्या. शेठ एका हातानं पँट सावरत होते, दुसऱ्या हातात त्यांचं परत मिळालेलं पाकीट होतं. त्यांनी ते सिस्टरांपुढे धरलं.

"पावती देऊ ना?" सिस्टरांनी विचारलं.

"द्या. पण मला ती पेटी आली की आधी मागून बघायचीय."

पेटी तीन आठवड्यांनी आली. शेठनी ती मागून, पुढून, खालून बघितली, तार कुठली, ऊब कुठून येते, घाम आला तर काय, असे चाळीस प्रश्न विचारून तंत्रज्ञाला रडकुंडीला आणलं. त्यानंतर पाचव्या दिवशी सूनबाईंनी जुळ्यांना जन्म दिला, महिनाभर आधी. मुलगी एक किलो नऊशे, मुलगा एक किलो सहाशे. मुलीला आईजवळ ठेवता आलं. मुलगा काचेत गेला.

तिसऱ्या दिवशी त्याचं वजन एक किलो पाचशे ऐंशीवर उतरलं आणि सबंध गावाचा जीव टांगणीला लागला. "सुरुवातीला उतरतंच," डॉक्टर प्रत्येकाला सांगून दमले. सातव्या दिवशी ते पुन्हा सहाशेवर आलं. मग सहाशे वीस. मग सहाशे पंचेचाळीस. रोज सकाळी इस्त्रीवाला चादरी टाकायला यायचा, शिंपीकाका मुठीएवढे सदरे घेऊन यायचे, आणि शेठ दुकान उघडायच्या आधी काचेला नाक लावून उभे राहायचे.

"आज किती?" ते विचारत.

"पंचवीस ग्रॅम वाढला," धाकटी सिस्टर सांगे.

"पंचवीस ग्रॅम!" शेठ व्हरांड्यात येऊन ओरडत, आणि व्हरांड्यातली माणसं ओरडत, "पंचवीस ग्रॅम!"